९६ टक्के घट आणि साडेतीन लाख पक्षी: चष्मेवाल्या आयडरचे दोन्ही आकडे खरे कसे?

प्रश्न असा आहे: अलास्कातलं स्पेक्टॅकल्ड आयडर हे समुद्री बदक वीस वर्षांत ९६ टक्क्यांनी घटलं असं एका ठिकाणी वाचलं, आणि जगात ते साडेतीन लाखांहून जास्त आहे असं दुसऱ्या ठिकाणी. यातला चुकीचा आकडा कोणता? आणि पक्षी लाखांनी असेल तर त्याला अजून संरक्षित यादीत कशाला ठेवायचं?

चुकीचा कोणताच नाही. पण ते एकाच गोष्टीचे आकडे नाहीत, आणि सगळा घोळ तिथेच होतो. मी पक्षी मोजायला शिकलो उजनीच्या काठावर, जानेवारीतल्या आशियाई पाणपक्षी गणनेत. पुढे कामानिमित्त अलास्कात काही उन्हाळे विमानाच्या खिडकीशी बसून मोजणी केली, काही उन्हाळे गमबूट घालून चिखलात घरटी शोधली. त्यामुळे उत्तर लांबणार, आधीच सांगतो.

आधी पक्षी डोळ्यांसमोर आणा. या बदकाला मराठी नाव नाही, कारण ते आपल्याकडे येतच नाही. मी त्याला चष्मेवाला म्हणतो. दीड किलोच्या आसपास वजन. नराचं डोकं फिकट हिरवं, चोच नारिंगी, पाठ पांढरी, छाती आणि पोट काळं. डोळ्याभोवती पांढऱ्या मखमलीची मोठी गोल चकती आणि तिला बारीक काळी किनार, जुन्या पोस्टमास्तरांचा असायचा तसा चष्मा. मादी तपकिरी, अंगभर काळ्या आडव्या रेघा. तिचाही चष्मा असतो, पण पुसट. चोचीवर नाकपुडीपर्यंत पिसं उतरलेली असतात. ज्या पाण्यावर तो हिवाळा काढतो ते पाहिलं की या पिसांचं कारण कळतं.

प्रजननाच्या जागा तीन. पश्चिम अलास्कात युकॉन आणि कुस्कोक्विम या दोन नद्यांचा त्रिभुज प्रदेश, अलास्काचाच उत्तर किनारा, आणि रशियाचा आर्क्टिक किनारा, म्हणजे इंडिगिर्का आणि कोलिमा नद्यांच्या बाजूचा मुलूख. ९६ टक्क्यांचा आकडा या तिघांपैकी फक्त पहिल्या जागेचा आहे. १९७०च्या दशकात त्या त्रिभुज प्रदेशात सुमारे ४७,७०० जोड्या असल्याचा अंदाज होता. १९९२ मध्ये तो १,७२१ जोड्यांवर आला. वजाबाकी करून भागाकार केला की ९६ टक्के निघतात.

इथे एक खोच आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. ४७,७०० हा सबंध प्रदेश पालथा घालून काढलेला आकडा नव्हे. थोड्या भागात घरट्यांची घनता मोजून ती मोठ्या पट्ट्यावर पसरवलेली होती. आणि पक्षी अभ्यासक मुक्काम कुठे टाकतो? जिथे पक्षी बरे आहेत तिथे. त्यामुळे सुरुवातीचा आकडा थोडा फुगलेला असू शकतो. म्हणजे घट खोटी का? नाही. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून त्याच प्रदेशात दरवर्षी जमिनीवरचे तुकडे आखून घरटी मोजली जातात, आणि त्या मोजणीतही १९९२ पर्यंत आकडा खालीच जात होता. घट ९६ टक्के होती की ९० यावर वाद घाला. घसरगुंडी होती यावर नको. १९९३ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजाती कायद्याखाली ही प्रजाती ‘धोक्यात’ या वर्गात नोंदली गेली.

आता दुसरा आकडा. त्याची कथा मला जास्त आवडते. १९९३ मध्ये बदक यादीत गेलं तेव्हा ते हिवाळ्यात कुठे असतं हेच कोणाला ठाऊक नव्हतं. उन्हाळा संपला की पक्षी समुद्रावर जायचे आणि मे महिन्यापर्यंत गायब. जीवशास्त्रज्ञांनी काही पक्ष्यांच्या अंगात उपग्रहाला संदेश पाठवणारी यंत्रं बसवली. बहुतेक यंत्रं हिवाळ्याआधीच गप्प झाली. १९९५ च्या हिवाळ्याच्या शेवटी त्यातलं एक अनपेक्षितपणे बोललं: बेरिंग समुद्राच्या मधोमध, सेंट लॉरेन्स बेटाच्या दक्षिणेला. बिल लार्नेड आणि ग्रेग बॅलॉग विमान घेऊन तिकडे गेले. खाली क्षितिजापर्यंत गोठलेला समुद्र, आणि त्या बर्फातल्या भेगांमध्ये, थोड्याशा उघड्या पाण्यात, खेटून बसलेले आयडर. इतके दाट की त्यांच्या हालचालीनेच तेवढं पाणी गोठायचं थांबलं असावं. पुढच्या हिवाळ्यांत हवेतून फोटो काढून, फोटोतला एकेक ठिपका मोजून अंदाज निघाला साधारण ३ लाख ६३ हजारांचा. २०१० मध्ये पुन्हा तशीच मोजणी झाली, ती सुमारे ३ लाख ६९ हजारांची. जगातले जवळजवळ सगळे चष्मेवाले आयडर तिथे होते, नकाशावर बोटाच्या नखाखाली झाकतील एवढ्या जागेत.

मग उन्हाळ्याची बेरीज का जुळत नाही? रशियाच्या किनाऱ्यावर १९९३ ते १९९५ दरम्यान हवाई गणती झाली, तिचा अंदाज सुमारे १ लाख ४६ हजार. अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर काही हजार, त्रिभुज प्रदेशात त्याहून कमी. सगळं मिळून हिवाळ्याच्या निम्मंही होत नाही. उरलेले कुठे गेले?

काही समुद्रावरच असतात. हे बदक दोन-तीन वर्षांचं झाल्याशिवाय वीण घालत नाही, आणि तोवर जमिनीकडे फिरकतही नाही. पण दुसरं कारण आमच्या कामातलं आहे. विमान उडतं जमिनीपासून चाळीसेक मीटरवर, बारा-तेरा मजली इमारतीच्या गच्चीवरून पाहावं तसं. वेग सेकंदाला पन्नास मीटरच्या आसपास. तुमच्या बाजूची दोनशे मीटरची पट्टी तुमची, तिची कड कळावी म्हणून विमानाच्या पंखाच्या आधारदांडीवर चिकटपट्टीची खूण. दिसलं की लगेच बोलायचं, आवाज आणि जागा दोन्ही नोंदले जातात: ‘जोडी एक… नर एक… तलवार बदक तीन…’ नर पांढरा असल्याने डोळ्यांत भरतो. मादी सुकलेल्या गवतात बसली की मातीच. म्हणून एकटा नर दिसला की जवळपास मादी घरट्यावर आहे असं धरून एक जोडी लिहायची, असा प्रघात आहे. प्रघात ठीक आहे, पण मादी उबवायला बसल्यावर थोड्याच दिवसांत नर तिला सोडून समुद्राकडे निघून जातात. म्हणजे मोजायला मिळतात जूनमधले जेमतेम आठ-दहा दिवस. त्या वर्षी बर्फ उशिरा वितळलं किंवा धुक्याने विमान चार दिवस धावपट्टीवरच राहिलं, तर पक्षी तेवढेच असूनही आकडा पडतो. विमानातून निघणाऱ्या संख्येला आम्ही ‘सूचकांक’ म्हणतो ते यासाठी. ताप मोजावा तशी ती संख्या आहे. काल किती होता, आज किती आहे, एवढंच तिला विचारायचं. एकूण पक्षी किती, हे तिला विचारू नये.

आणि फोटो? फोटोत मादीही दिसते, पिल्लूपण संपलेलं दोन वर्षांचं पोरही दिसतं. म्हणून एकूण किती याचं उत्तर हिवाळ्याच्या फोटोंतून मिळतं, आणि कुठे काय बिघडलंय याचं उत्तर उन्हाळ्याच्या घरट्यांतून.

तुमचा पुढचा प्रश्न मी ओळखू शकतो, कारण तो मीही विचारला होता. रशियात लाखभर आहेत ना, मग त्रिभुज प्रदेशातले कमी झाले तर तिथले इकडे येतील की! येत नाहीत. आयडरची मादी जिथे जन्मली तिथेच परत येऊन अंडी घालते. जोड्या जमतात हिवाळ्यात, सगळे एकत्र असताना, आणि नर मुकाट मादीच्या मागे तिच्या माहेरी जातो. (घरजावई म्हणायलाही हरकत नाही, पण तो महिनाभरही टिकत नाही.) आनुवंशिक तपासणीतही हेच दिसलं: आईकडून येणाऱ्या जनुकांत तिन्ही जागांचे पक्षी वेगळे ओळखू येतात, बाकी जनुकांत मात्र सरमिसळ. व्यवहारात अर्थ असा की त्रिभुज प्रदेशातल्या माद्या संपल्या तर कोलिमाच्या माद्या ती जागा आपणहून भरणार नाहीत. साडेतीन लाखांचा आकडा त्या १,७२१ जोड्यांच्या उपयोगाचा नव्हता.

मग तिथेच काय झालं? पुराव्यानिशी दाखवता येतं असं सर्वांत ठळक कारण म्हणजे शिशाचे छर्रे.

युकॉन–कुस्कोक्विमचा हा त्रिभुज प्रदेश ज्या राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थानात मोडतो, ते एकटंच महाराष्ट्राच्या जवळजवळ एक चतुर्थांश आहे. किनाऱ्याकडचा भाग आपल्या खाजणासारखा: भरतीचं पाणी, गवत, आणि हजारो डबकी. इथले युपिक लोक पिढ्यान्‌पिढ्या वसंतात बदकं आणि हंस मारून खातात. लांबलचक हिवाळ्यानंतरचं ते पहिलं ताजं मांस. शॉटगन आल्या, तसे छर्रे डबक्यांत पडत गेले. आपल्याला वाटतं शिसं जड, गाळात खाली गेलं असेल. नेमकं ते होत नाही. खाली कायमची गोठलेली माती, वर थोडा मऊ गाळ. पॉल फ्लिंट यांनी डबक्यांमध्ये मुद्दाम छर्रे टाकून ते कुठवर उतरतात हे पाहिलं. तीन वर्षांनी बहुतेक छर्रे वरच्या चार सेंटिमीटरमध्येच होते. दहा वर्षांनीही पुष्कळसे बदकाच्या चोचीच्या टप्प्यात. पूर्ण आवाक्याबाहेर जायला पंचवीसहून जास्त वर्षं लागतील असा त्यांचा अंदाज होता.

चिकनच्या दुकानात कलेजीबरोबर पेटा मिळतो, तो तुम्ही हाताळला असेल. जाड, चिवट, आतून खरखरीत. बदकाच्या पेट्यात दळायला वाळूचे खडे असतात, आणि छर्रा खड्यासारखाच दिसतो. एकदा गिळला की पेटा त्याला घासत राहतो, आम्ल त्याला विरघळवत राहतं, आणि शिसं रक्तात उतरतं. पक्ष्याचे स्नायू ढिले पडतात, अन्न पुढे सरकत नाही, भरल्या डबक्यात तो उपाशी मरतो. क्ष-किरणांच्या चित्रात तो छर्रा दिसतो कसा, सांगतो: बरगड्यांची फिकट जाळी, मध्ये पेट्याचा करडा गोळा, आणि त्यात एक गच्च पांढरा, कडा अगदी धारदार असलेला टिंब. तो पाहिल्यावर मादीला हातातून सोडताना बोटं क्षणभर अडतात.

मार्गारेट पीटरसन, जेम्स ग्रँड आणि फ्लिंट यांच्या गटाने १९९०च्या दशकात तिथल्या माद्यांचं रक्त तपासलं. घरटं करण्याआधी साधारण आठांतल्या एकीच्या रक्तात शिसं. पिल्लं सांभाळण्याच्या काळात तिघींतल्या एकीच्या. नर लवकर निघून जातो म्हणून वाचतो. मादी चोवीस दिवस अंड्यांवर बसते, मग पिल्लं घेऊन उन्हाळाभर त्याच डबक्यांत चरते. म्हणजे विष नेमकं त्या पक्ष्याच्या वाट्याला येतं ज्याच्यावर पुढची पिढी उभी आहे. शिसं न गेलेल्या माद्यांपैकी वर्षभर जगणाऱ्या सुमारे ७८ टक्के, शिसं गेलेल्यांपैकी ४४ टक्के. हे बदक वर्षाला चार-पाच अंडी घालतं, त्यातली पुष्कळ कोल्हे आणि कुरव खातात, आणि तरी वंश चालतो, कारण मादी अनेक वर्षं जगते. एखाद्या वर्षी सगळी पिल्लं गेली तरी निभावतं. तीच मेली की तिच्या पुढच्या सगळ्या विणी गेल्या.

सगळी घट शिशामुळेच झाली असं मात्र मी म्हणणार नाही. छर्रे कितीतरी दशकं वापरात होते, घसरण १९७० नंतर तीव्र दिसते. समुद्रावर काय चाललं होतं हे तेव्हा पाहायला कोणी नव्हतंच. पण ज्यावर माणसाचा हात चालतो ते कारण हे होतं. अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाऐवजी पोलादी छर्रे वापरण्याची सक्ती १९९१ पासून आहे. कायदा झाला म्हणून गावातल्या दुकानाच्या फळीवरचा माल लगेच बदलत नाही. बंदीला बरीच वर्षं झाल्यावरही एका दुकानात मी शिशाच्या काडतुसांचे खोके पाहिले, पोलादी काडतुसांच्या शेजारीच, आणि शिशाची किंमत कमी. बदल झाला तो गावकऱ्यांशी बसून बोलल्यावर. त्याच भागात १९८४ मध्ये हंसांसाठी हूपर बे करार झाला होता. युपिक गावं आणि सरकारी खाती एका टेबलावर बसून काय मारायचं आणि काय नाही हे ठरवण्याची सवय तिथूनची. छर्रा आपल्याच ताटातल्या पक्ष्यात उतरतो आणि तिथून पोरांच्या पोटात, हे तिथल्या म्हाताऱ्यांना पटवायला तक्ता लागला नाही. १९९२ च्या तळापासून त्रिभुज प्रदेशातली घरटी पुढच्या दशकांत वाढत गेली आहेत. उत्तर किनाऱ्याला अशी वाढ दिसत नाही.

आता समुद्र. ही बाजू मला शिशापेक्षा जास्त काळजीची वाटते. हिवाळ्यात आयडर चाळीस ते सत्तर मीटर खोल बुडी मारून तळाच्या गाळातले शिंपले खातात. कोकणात तिसऱ्या असतात त्यांचे थंड पाण्यातले भाऊबंद म्हणा. सालासकट गिळतात, फोडायचं काम पेट्याचं. बुड्यांच्या मधल्या विश्रांतीला बर्फाच्या तुकड्यावर चढून बसतात, कारण गोठणबिंदूच्या पाण्यात तरंगत राहण्यापेक्षा बर्फावर बसण्यात शक्ती कमी खर्च होते. म्हणजे त्यांना बर्फ हवं, बर्फात भेगा हव्यात, आणि नेमक्या त्या भेगांखाली शिंपल्यांचं दाट शेत हवं. तिन्ही एका जागी. जिम लव्हॉर्न आणि सहकाऱ्यांच्या कामातून दिसलं की तळावर पूर्वी मॅकोमा जातीच्या शिंपल्यांचा वरचष्मा होता, पुढे तो न्यूकुलाना या दुसऱ्या जातीकडे गेला, आणि पक्षी आता बहुतांशी त्यावर जगतात. ही एक अदलाबदल त्यांनी पचवली. पण २०१७-१८ च्या हिवाळ्यात बेरिंग समुद्रावर उपग्रहांच्या नोंदीतलं सर्वांत कमी बर्फ होतं, आणि पुढच्या हिवाळ्यातही फारसं वेगळं नव्हतं. तिन्ही गोष्टी एका जागी येण्याच्या जागाच आक्रसत असतील, तर तीन किनाऱ्यांचे पक्षी एकाच वेळी अडचणीत येतात. बेरिंग सामुद्रधुनीतून जहाजांची वाहतूकही वाढते आहे. त्या बर्फात तेल सांडलं तर ते गोळा करायची काही व्यवस्था आहे असं मला तरी दिसलेलं नाही.

यादीतून काढायचं का? १९९६ च्या पुनरुज्जीवन आराखड्याने तिन्ही प्रजनन क्षेत्रं स्वतंत्र धरली आहेत, प्रत्येकाचा निकष वेगळा तपासायचा आहे, आणि मला ते बरोबर वाटतं. २००१ मध्ये त्रिभुज प्रदेश, पिसं बदलण्याच्या नॉर्टन साउंड आणि लेडयार्ड बे या जागा आणि बेरिंगमधली हिवाळी जागा यांना ‘अत्यावश्यक अधिवास’ म्हणून कायद्याचं कवच मिळालं. त्रिभुज प्रदेशाचा वर्ग हलका करावा का यावर चर्चा होऊ शकते. उत्तर किनाऱ्याबद्दल मी थांबा म्हणेन. रशियाबद्दल तर आपण आजही १९९३–९५ च्या गणतीच्या आधारावर बोलतो आहोत. तीस वर्षांपूर्वीच्या रक्तदाबावरून आजचं औषध ठरवण्यासारखं आहे ते.

‘लाखांनी आहे, काळजी कशाला’ म्हणणाऱ्यांना मी लॅब्राडोर बदकाचं उदाहरण देतो. उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं समुद्री बदक. त्याचा शेवटचा खात्रीचा पक्षी १८७५ मध्ये लाँग आयलंडपाशी मारला गेला. ते का संपलं हे आजही नीट सांगता येत नाही, कारण असताना कोणी मोजलंच नव्हतं.

तुम्ही शेवटी विचारलंय की हा पक्षी पाहायला कुठे मिळेल. भारतात नाही. रानात पाहायचा तर जूनमध्ये अलास्काच्या अगदी उत्तर टोकाला, उत्किआग्विकला जावं लागेल, आणि तो खर्च माझ्या पेन्शनलाही झेपत नाही. पण अलास्काच्या क्रूझवर आपल्याकडची पुष्कळ मंडळी जातात, आणि त्यातल्या काही जहाजांचा शेवट सुअर्ड बंदरात होतो. तिथल्या अलास्का सीलाइफ सेंटरमध्ये आयडर पाळून त्यांचा अभ्यास चालतो. पाण्याखालून काचेतून बुडी पाहता येते: पंख अर्धे उघडून, पाण्यात उडल्यासारखी. जायचं तर मे-जूनमध्ये जा. ऑगस्टमध्ये नराची सगळी भारी पिसं झडलेली असतात, चष्माही फिका पडलेला असतो, आणि शेजारी उभी राहिलेली माणसं ‘ते बदक कुठाय?’ म्हणून त्याच्याकडेच बघत विचारतात.